काटा ऐंशीवर, गाडी चौऱ्याऐंशीवर

टायरच्या कडेवर कोरलेलं असतं : २३५/७० आर १६. रुंदी २३५ मिलिमीटर, भिंतीची उंची तिच्या ७० टक्के, म्हणजे १६४.५. ती दुप्पट करून १६ इंची रिमचे ४०६.४ मिळवले, की व्यास ७३५.४ मिलिमीटर. चाकाचा एक फेरा २.३१ मीटरचा, किलोमीटरला ४३३ फेरे.

पण जुन्या जीपगाड्यांत मीटरची केबल चाकातून नव्हे, गिअरबॉक्सकडून येते. डिफरन्शियलचं प्रमाण ४ असेल, तर प्रोपेलर शाफ्ट किलोमीटरला सुमारे १७३० वेळा फिरतो. काट्याला कळतात ते हे फेरे!

हौसेनं २४५/७५ टायर चढवले, की व्यास ७७३.९ होतो. काटा ८० दाखवतो, गाडी मात्र ८४ नं पळते. दंड काटा भरत नाही.

उपाय केबलच्या टोकाशी असतो : तिथल्या छोट्या गिअरला २० दात असतील, तर १९ दातांचा बसवायचा.