नावाचा धनी कोण?



बँड म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर वरातीपुढचा बँड उभा राहतो. आज आम्ही बोलणार आहोत ते विलायतेत व अमेरिकेत तिघाचौघांनी मिळून गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मंडळींविषयी. या मंडळींवर कधी कधी स्वतःचे नावच बदलण्याची पाळी येते. कारण ते नाव आधीच दुसऱ्या कोणी तरी लावलेले असते.

कॅलिफोर्नियातील तीन तरुणांनी १९९२ साली 'ब्लिंक' नावाचा बँड काढला. त्याच नावाचा बँड आयर्लंडात होता. त्याची हरकत आली तेव्हा या तरुणांनी नावापुढे आकडा जोडला आणि ते 'ब्लिंक-१८२' झाले. लंडनच्या 'स्वेड'ला अमेरिकेत त्याच नावाची एक गायिका आडवी आली. म्हणून तेथे त्यांना 'द लंडन स्वेड' म्हणवून घ्यावे लागले. आमच्या सांगलीकर, इचलकरंजीकर नाटक मंडळ्या गावाचे नाव पहिल्यापासूनच मिरवीत, त्याची येथे आठवण होते.

कायदा यात काय पाहतो? अमेरिकेत नुसत्या नोंदणीपेक्षा आधीच्या वापराला मान अधिक. श्रोत्याने एकाचे तिकीट काढावे आणि गाणे दुसऱ्याचेच निघावे, अशी फसगत होऊ नये, हा त्यातला हेतू.

तत्त्व चांगले, पण धाकटा आधी आलेला आणि थोरला मागून आलेला असेल तर? 'लेडी अँटिबेलम' हा नॅशव्हिलचा बँड २०११ साली ग्रॅमी पारितोषिके पटकावून बसलेला. 'अँटिबेलम' या शब्दाला यादवी युद्धापूर्वीच्या गुलामगिरीचा वास येतो, म्हणून जून २०२० मध्ये त्यांनी तो टाकला आणि 'लेडी ए' एवढेच नाव ठेवले. हेतू स्तुत्यच! परंतु सिएटलची अनिता व्हाइट ही कृष्णवर्णीय गायिका वीस वर्षांहून अधिक काळ 'लेडी ए' याच नावाने ब्लूज गात होती. बोलणी फिसकटली. जुलैत बँडने नाव वापरण्याचा आपला हक्क ठरवून घेण्यासाठी दावा लावला; सप्टेंबरात तिनेही उलट दावा ठोकला. २०२२ साली तडजोड झाली. अटी गुलदस्त्यात राहिल्या.

तिची तक्रार समजून घ्यावी. कोणी तिला तोतया म्हणत नव्हते. तिचे नाव घेऊन शोधू जाणाऱ्याला ती सापडेनाशी झाली होती. मोठ्या ढोलाशेजारी एकतारी वाजावी, तशी गत! कृष्णवर्णीयांवरील अन्यायाची आठवण पुसायला निघालेल्यांनी एका कृष्णवर्णीय बाईच्याच नावावर पाय द्यावा, हा दैवदुर्विलास नव्हे काय?

आकडा जोडला, गाव जोडले, तरी तरुण मंडळींचे नाव निभावते. आयुष्य घालून मिळवलेले नाव मात्र असे सहज बदलता येत नाही. म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की नवे नाव धारण करणाराने, आणि तो थोर असेल तर विशेषच, आधी चार दारे ठोठावून विचारावे : हे नाव येथे कोणाचे आहे काय?