परदेशीं मानला गेलेला गुरु : जिमी हॉगन

लंडनच्या वेंब्ले क्रीडांगणावर २५ नोव्हेंबर १९५३ रोजीं हंगेरीच्या फुटबॉल-संघानें इंग्लंडचा सहा विरुद्ध तीन गोलांनीं पराभव केला. यूरोपच्या मुख्य भूमीवरील कोणत्याहि संघाला तोंपर्यंत इंग्लंडमध्यें जाऊन इंग्लंडला हरवितां आलें नव्हतें. ज्या देशानें या खेळाचे नियम जगाला दिले, त्याची ही दशा पाहून हजारों प्रेक्षक थक्क झाले. त्या गर्दींत एकाहत्तर वर्षांचा एक इंग्रज गृहस्थ बसला होता. जिंकणाऱ्यांची विद्या कोठून आली हें त्याला ठाऊक होतें. कारण तिचा पाया घालणाऱ्यांपैकीं तो एक होता. त्याचें नांव जिमी हॉगन.

हॉगनचा जन्म १८८२ सालीं लँकेशायर परगण्यांतील नेल्सन या गिरण्यांच्या गांवीं झाला. मुलानें धर्मगुरु व्हावें ही वडिलांची इच्छा. मुलानें फुटबॉलचा धंदा पत्करला. बर्न्लीकडून खेळत असतां एकदां त्याचा फटका गोलावरून निघून गेला. पाय चुकला कीं शरीराचा तोल, असें त्यानें व्यवस्थापकाला विचारलें. मारीत राहावें, दहांत एक लागला तरी पुष्कळ, अशा आशयाचें उत्तर मिळालें. तेवढ्यानें त्याचें समाधान झालें नाहीं. चुकीला कारण असतें, आणि कारण कळलें तर चूक सुधारतां येते, हें त्याच्या मनानें घेतलें.

त्या काळीं इंग्लंडांत खेळाडूंना आठवडाभर मैदानाभोंवतीं धांवावयास लावीत. चेंडू क्वचितच देत. चेंडूची भूक राहिली म्हणजे शनिवारचा सामना चांगला होतो, अशी समजूत होती. हॉगनचा मार्ग उलट होता. चेंडू पायाशीं थांबविणें, जमिनीलगत सोबत्याला देणें व मोकळ्या जागीं सरकणें, हें तो रोज चेंडू घेऊनच शिकवी. फुलहॅम, बोल्टन इत्यादि संघांतून खेळलेला हा धंदेवाईक १९१० मध्यें शिक्षक म्हणून हॉलंडला गेला. पुढें ऑस्ट्रियन फुटबॉलचा सूत्रधार ह्यूगो माइस्ल यानें त्याला व्हिएन्नाला बोलाविलें.

१९१४ मध्यें महायुद्ध पेटलें आणि शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून हॉगनला अटक झाली. पुढें त्याची बुडापेस्टला रवानगी झाली. तेथें पोलिसांच्या देखरेखीखालीं राहूनहि एम. टी. के. या संघाच्या तरुणांना त्यानें खेळाचे धडे दिले. १९१७ पासून १९२५ पर्यंत हंगेरीचें अजिंक्यपद याच संघाकडे राहिलें.

युद्ध संपल्यावर तो मायदेशीं परतला, तेव्हां स्वागताऐवजीं संशय वांट्याला आला. शत्रूच्या मुलांना शिकविणारा म्हणून लोक त्याच्याकडे पाहूं लागले. युद्धांत नुकसान झालेल्या खेळाडूंसाठीं असलेली मदत मागावयास गेलों असतां आपल्या हातीं मोज्यांचे जोड ठेवण्यांत आले, असें तो पुढें सांगे. बेड्या घालणाऱ्या परक्यांनीं त्याला गुरु मानलें. घरच्यांनीं मात्र पाठ फिरविली.

तो पुन्हा यूरोपांत गेला. बुडापेस्ट, ड्रेस्डेन, व्हिएन्ना येथें त्याची शिकवण रुजली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्यें त्यानें तयार केलेल्या ऑस्ट्रियन संघानें रौप्यपदक मिळविलें. इंग्लंडांत मात्र १९३४ मध्यें फुलहॅमनें त्याला नेमून थोड्याच महिन्यांत दूर केलें. मुरलेल्या धंदेवाईकांना शिकविण्याची गरज काय, असा चालकांचा विचार होता. अ‍ॅस्टन व्हिलानें त्याच्यावर विश्वास टाकला, आणि १९३८ मध्यें त्या संघानें दुसऱ्या विभागाचें विजेतेपद मिळवून पहिल्या विभागांत पुन्हा प्रवेश केला.

वेंब्लेच्या त्या सामन्याला हॉगन व्हिलाच्याच तरुण खेळाडूंना घेऊन आला होता. विजयानंतर हंगेरीच्या धुरीणांनीं उघड सांगितलें कीं, आपण हॉगननें शिकविल्याप्रमाणेंच खेळलों. जें त्याच्या देशबांधवांनीं चाळीस वर्षें ऐकून घेतलें नाहीं, तें त्यांना परक्यांच्या तोंडून ऐकावें लागलें.

१९७४ च्या जानेवारींत हॉगन निवर्तला. त्याच वर्षीं जुलैमध्यें पश्चिम जर्मनीनें जागतिक अजिंक्यपद जिंकलें. त्या संघाचा शिक्षक हेल्मुट शोन हा तरुणपणीं ड्रेस्डेनमध्यें हॉगनपाशीं शिकला होता.