चित्रशाळा सुटल्यानंतर



चित्रकलेच्या शाळेत मुलाला कसं पाठवावं, परीक्षा कोणत्या द्याव्यात, खर्च किती येतो, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. ती शाळा संपल्यावर त्या मुलाचं काय होतं, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. आजचं बोलणं त्याविषयी आहे. ते चित्रकारांसाठी थोडं, आणि त्यांच्या घरच्या माणसांसाठी व गुरुजींसाठी अधिक आहे.

समजा, आपल्या नंदुरबार तालुक्यातल्या कोरीट गावचा एक मुलगा आहे. शाळेत असताना एलिमेंटरी पास झाला, पुढं इंटरमीजिएटला चांगली श्रेणी मिळाली. गुरुजींनी दोन खेपा घालून वडिलांची समजूत काढली, थोडी उसनवारी झाली, आणि पोऱ्या कलाशाळेत गेला. चार-पाच वर्षांनी पदविका घेऊन घरी आला. बरोबर कागदांची ही मोठी वळकटी. ती ओसरीवर उलगडली गेली. शेजारीपाजारी पाहून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरांना चारा टाकता टाकता वडिलांनी विचारलं, 'मग, आता पुढं काय?'

प्रश्न काही वाकडा नाही. उसने घेतलेले पैसे फेडायचे आहेत, धाकटी बहीण लग्नाची आहे, विहिरीचं काम अर्धं पडलं आहे. बापानं विचारू नये तर कोणी विचारावं? पण मुलाजवळ उत्तर नसतं. शाळेत त्याला विषय दुसऱ्यानं दिलेला असे. समोर मॉडेल घड्याळ लावून बसे. सर मागं येऊन उभे राहत आणि म्हणत, 'खांदा उतरला बघ.' शेजाऱ्याच्या बोर्डाकडे पाहिलं की आपलं कुठं चुकलं ते कळे. वर्षाच्या शेवटी प्रदर्शन ठरलेलं, निकाल ठरलेला. पदविका हातात पडते त्या दिवशी हे सगळं एकदम थांबतं. चित्र काढलं काय, न काढलं काय, विचारणारं कोणी उरत नाही. पुष्कळांचा ब्रश इथंच वाळतो. त्यांच्यात हुशार मुलंही असतात बरं का. रिकामा दिवस कसा भरायचा हे मात्र त्यांना कोणी शिकवलेलं नसतं.

या प्रश्नाला पुस्तकी उत्तर देण्यापेक्षा एका चित्रकाराची हकिकत सांगतो. प्रभाकर बरवे हे त्यांचं नाव. जन्म १९३६ सालचा, अलिबागजवळच्या नागावचा. म्हणजे नारळी-पोफळीच्या वाड्यांतलं गाव. १९५४ साली ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. ही शाळा १८५७ पासूनची. तिथून १९५९ मध्ये ते पदविका घेऊन बाहेर पडले. त्यांनाही तोच प्रश्न होता, आता पुढं काय?

१९६१ मध्ये त्यांनी नोकरी धरली. कुठं, तर विणकर सेवा केंद्रात. याची थोडी माहिती सांगायला हवी. गिरण्या आणि यंत्रमाग यांच्यापुढं हातमागवाल्याचा निभाव लागावा, म्हणून सरकारनं १९५० नंतरच्या दशकात ही केंद्रं काढली. विणकराचा हात तयार असे, पण नवा नमुना त्याला कोण देणार? म्हणून या केंद्रांत चित्रकार नेमले. के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे नामवंत तिथं काम करून गेले. आपल्या अकोल्याचे आंबादास खोब्रागडे हेही त्यांतलेच. चित्रकारानं नमुना काढायचा, तो चौकटींच्या कागदावर उतरवायचा. त्यातला एकेक चौकोन म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्याची एकेक गाठभेट. एका चौकोनाची चूक झाली तर ती साऱ्या थानभर पुन्हा पुन्हा उमटत जाते. शिवाय नमुन्याची डावी कड पुढच्या नमुन्याच्या उजव्या कडेशी अशी जुळली पाहिजे की सांधा दिसू नये. हे काम डोक्याला शिस्त लावणारं आहे.

या नोकरीत बरवे काही वर्षं वाराणसीला होते. जरीकाम करणाऱ्या विणकरांचं ते गाव. तिथं त्यांना तांत्रिक आकृत्यांची ओढ लागली; वर्तुळं, त्रिकोण, बिंदू, चिन्हं त्यांच्या चित्रांत येऊ लागली. बदली झाली म्हणून कपाळाला हात लावून बसले असते, तर ही चित्रं झाली नसती. दिवसा केंद्राचं काम, उरलेल्या वेळात स्वतःचं, असा क्रम त्यांनी १९८२ पर्यंत चालवला. एकवीस वर्षं, श्रोतेहो! नोकरी लागली की चित्रकार संपला, असं आपल्याकडे फार सहज म्हणतात. मला हे पटत नाही. माणसाला पिळून काढणारी नोकरी चित्रकाराला संपवते हे खरं. पण डोळा आणि हात जागा ठेवणारी, आणि रोज दोन तास शिल्लक ठेवणारी नोकरी त्याला सांभाळते.

त्यांच्या पुढच्या चित्रांची एक गंमत सांगतो. त्यांनी एनॅमल रंग वापरला. म्हणजे आपण दाराला, लोखंडी फाटकाला लावतो तो डब्यातला चकचकीत रंग. तेलरंग जाड असतो, ब्रशाचा फटकारा त्यावर तसाच राहतो. एनॅमल वाहतो, पसरतो आणि वाळल्यावर गुळगुळीत होतो. हा गुण त्यांनी कामाला लावला. आणि विषय कोणते? एक पान, एक फळ, एक घड्याळ, एक किल्ली. मोठ्या मोकळ्या पृष्ठभागावर या वस्तू अशा ठेवलेल्या असतात की रोजची किल्ली आपण पहिल्यांदाच पाहतो आहोत असं वाटावं. ती मोकळी जागा त्यांच्या चित्रात इतकी नेमकी का येते, याचा विचार करताना मला नेहमी तो चौकटींचा कागद आठवतो. हा माझा तर्क झाला. पण एकवीस वर्षं चौकोन भरलेल्या माणसाला कोणता चौकोन रिकामा ठेवावा हे कळणारच.

आणखी एक सवय त्यांनी जन्मभर पाळली. ते वह्या ठेवत. चित्राची कच्ची रेघ, मनात आलेला विचार, एखाद्या आकाराविषयीची शंका, सगळं वहीत. या चिंतनातूनच 'कोरा कॅनव्हास' हे त्यांचं मराठी पुस्तक १९९० मध्ये निघालं. शिक्षक मंडळींनी ते जरूर मिळवावं. वाचायला सोपं नाही; पण चित्रकार चित्रापुढं बसून नेमकं काय करतो, हे आपल्या भाषेत इतकं सरळ सांगणारी पुस्तकं थोडीच आहेत.

आता जरा हिशेब मांडू. पदविका १९५९ ची. ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार १९७६ चा. मधे सतरा वर्षं गेली. तोवर वय चाळीस. नोकरी सुटली तेव्हा शेहेचाळीस. त्यानंतर सगळा दिवस आपला, असा काळ त्यांना तेरा वर्षांचाच मिळाला; १९९५ मध्ये ते गेले. घरच्यांनी ही वर्षं मोजून पाहावीत. डाळिंबाचं झाडदेखील लावल्यावर लगेच फळ देत नाही, आणि चित्रकाराकडून मात्र आपण वर्षाच्या आत निकाल मागतो.

कोणी म्हणेल, नोकरी न करताही मोठे झालेले आहेत की! आहेत. वासुदेव गायतोंडे यांनी १९४८ मध्ये जे. जे.ची पदविका घेतली आणि पुढं चित्राखेरीज दुसऱ्या कशाशी फारसा संबंध ठेवला नाही. वर्षाकाठी मोजकीच चित्रं करायची, गरजा कमी ठेवायच्या, असं ते जगले. २०२१ मध्ये त्यांचं एक चित्र लिलावात जवळजवळ चाळीस कोटी रुपयांना गेलं. ही बातमी मोबाइलवर वाचून आपल्या मुलानंही असंच करावं असं वाटणाऱ्या वडिलांना मी एवढंच सांगेन की ते चित्र १९६१ सालचं होतं आणि गायतोंडे २००१ मध्येच वारले होते. ते पैसे चित्रकाराच्या घरी गेले नाहीत. चित्राची किंमत आणि चित्रकाराची कमाई या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

खानदेशात राहून काही होत नाही, असंही बोललं जातं. चाळीसगावच्या केकी मूस यांची आठवण द्यायला हवी. कलेचं शिक्षण त्यांनी परदेशात घेतलं, आणि परत येऊन चाळीसगावातल्या आपल्या घरात उभं आयुष्य काम केलं. फोटोग्राफी केली, चित्रं केली. १९८९ मध्ये ते गेले. आज लोक त्यांचं काम पाहायला चाळीसगावला उतरतात. अर्थात सगळ्यांनी दार लावून बसावं असं मी म्हणत नाही. वर्षातून एकदा तरी मुंबईला जाऊन चांगली चित्रं डोळ्यांनी पाहावीत. पुस्तकातल्या चित्राचं माप कळत नाही, रंगाचा थर कळत नाही. १९५२ पासून जहांगीर कलादालन आहे, तिथं आत जायला तिकीट लागत नाही. आपली चित्रं तिथं लावायची तर अर्ज करून बरीच वर्षं थांबावं लागतं, तेव्हा पहिला डोळा त्यावर ठेवू नये. बॉम्बे आर्ट सोसायटीचं वार्षिक प्रदर्शन आहे. ही संस्था १८८८ ची. कला संचालनालयाचं राज्य कला प्रदर्शन आहे. त्यात विद्यार्थ्यांचा विभाग वेगळा आणि व्यावसायिक कलाकारांचा वेगळा. चित्र नाकारलं गेलं तर परत आणावं, भिंतीला लावावं आणि महिनाभर रोज पाहावं. नाकारण्याचं कारण पुष्कळदा त्या महिन्यात आपलं आपल्यालाच सापडतं.

मग कोरीटच्या मुलानं करावं काय? नाक्यावरचे फलक रंगवण्याचं काम आता फ्लेक्सनं खाल्लं आहे. त्यावर पोट भरणं कठीण. चित्रकलेच्या शिक्षकाची जागा मिळाली तर घ्यावी, पण जागा कमी आणि उमेदवार फार. गणपती रंगवणं, लग्नाचे मंडप, शाळांच्या भिंती, पुस्तकांची चित्रं, कपड्यांचे नमुने, हे सगळं करण्यासारखं आहे. त्यात कमीपणा नाही. मात्र दिवसाचे ते दोन तास कोणाला विकू नयेत.

आणि विषय शोधायला लांब जाऊ नये. हिवाळ्यात नंदुरबारच्या मिरची पथारीवर उभं राहून पाहा. ओल्या मिरचीचा लाल वेगळा, चार दिवस वाळलेलीचा वेगळा, आणि पूर्ण वाळून चुरचुरीत झालेलीचा काळपट लाल तिसराच. सकाळच्या तिरप्या उन्हात ते लाल शेजारच्या बाईच्या पांढऱ्या रुमालावरसुद्धा चढतं. खोकला येतो, डोळे झोंबतात, ते सोसावं. एवढा एक लाल नीट मिसळायला शिकायचा म्हटलं तरी एक हंगाम पुरणार नाही. तालुक्याच्या उत्तर अंगाला तापी आहे, पलीकडे सातपुडा आहे. आणि त्याहून उत्तरेला अलिराजपूर–छोटा उदेपूरकडे राठवा आणि भिलाला लोक भिंतीवर पिठोऱ्याचे घोडे काढतात. ते कलाशाळेत शिकलेले नाहीत. त्यांची नक्कल करून विकावी असं मी म्हणत नाही, तो चोरीचा धंदा होईल. पण घोड्याच्या मानेची ती एक रेघ थोडा वेळ उभं राहून पाहावी.

एक गोष्ट मुलींच्या बाबतीत. कलाशाळांत आज मुलीही मोठ्या संख्येनं असतात. लग्न झालं की त्यांची रंगपेटी माळ्यावर जाते. सासरी कोणी 'काढू नको' असं म्हणत नाही. फक्त तिला जागा आणि वेळ मिळत नाही. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर जेवणाची ताटं आणि ओला कॅनव्हास एकत्र राहत नाहीत. मागच्या खोलीतला एक कोपरा, जिथं रंग सांडला तरी कोणी बोलणार नाही, एवढं सासूबाईंनी दिलं तर ती पेटी माळ्यावरून खाली येईल.

शेवटी गुरुजींशी दोन शब्द. नारायण श्रीधर बेंद्रे इंदूरचे. तिथं त्यांना दत्तात्रय देवळालीकर हे शिक्षक भेटले. बेंद्रे पुढं १९५० पासून बडोद्याला शिकवू लागले, आणि १९६६ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, पद सोडून केवळ चित्रं काढायला मोकळे झाले. हुसेनदेखील देवळालीकरांच्याच हाताखालचे. देवळालीकरांचं नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे. एका गावच्या एका शिक्षकानं केवढं काम करून ठेवलं!

तेव्हा पदविका घेऊन आलेला तुमचा जुना विद्यार्थी भेटायला आला, तर नोकरीचं विचारण्याआधी त्याला वही दाखवायला सांगा. वही कोरी असेल तर रागावू नका. आठ दिवसांनी पुन्हा बोलवा, आणि पुन्हा पाहा. शाळेत जो बोर्डामागं उभा राहून 'खांदा उतरला' म्हणत असे, तो माणूस त्याला आता कुठंच मिळत नाही. महिन्यातून एकदा तुम्ही ते काम करू शकता. घरी त्याला जागा नसेल तर रविवारी आणि सुटीत शाळेचा एखादा वर्ग रिकामाच असतो. उत्तरेकडच्या खिडकीचा बघा, तिथला उजेड दिवसभर सारखा राहतो. किल्ली कोणाकडे मागायची, ते तुम्हांला ठाऊक आहेच.