अर्जातील रकाना आणि नागरिक



माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 6 मुळे शासनाकडे इलेक्ट्रॉनिक स्वरूपात अर्ज दाखल करण्यास कायदेशीर मान्यता मिळाली. मात्र प्रत्येक अर्जासाठी स्वतंत्र संगणकप्रणाली लिहिणे वेळखाऊ व खर्चिक ठरते. यावर उपाय म्हणून राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने ‘सर्व्हिसप्लस’ विकसित केले. त्यात अर्जातील रकाने, छाननीचे टप्पे, शुल्क व प्रमाणपत्राचा नमुना निश्चित करून सेवा उभारता येते. दर वेळी नवी आज्ञावली लिहावी लागत नाही. बिहार, हरियाणा आदी राज्यांनी त्याचा अवलंब केला आहे.

परंतु कोणता रकाना सक्तीचा असावा, हे साधन ठरवीत नाही, प्रशासन ठरविते. आडनाव सक्तीचे केले, तर केवळ एकच नाव असलेल्या नागरिकाचा अर्ज पुढे सरकतच नाही. कागदी अर्जात जागा रिकामी सोडून लिपिकाला कारण सांगता येत असे. संगणक कारण ऐकून घेत नाही. उद्या आपण प्रशासनात जाल, तेव्हा प्रत्येक रकान्यापाशी थांबून विचारा : ही माहिती खरोखरच आवश्यक आहे काय? आणि ती देऊ न शकणाऱ्याने काय करावे? ही उत्तरे देणे हीच ई-प्रशासनाची खरी कसोटी होय.