कुरकुंभचं पाणी, रांजणगावचं मीठ
(दौंडच्या पोरांपुढं केलेलं भाषण)



मी गोदीतला माणूस. जहाजाच्या पोटातनं ड्रम, पोती काढायची नि ट्रकवर लादायची, हा आपला धंदा. कविता लिहितो म्हणून तुम्ही बोलावलंत, पण आज कविता म्हणणार नाही. मॅट्रिकपुढं शिकलो नाही, तरी पाण्याचा हिशेब कळतो. आमच्या चाळीत नळ घटकाभर येतो, आणि रांगेत हंडे किती ते शेंबड्या पोरालाही पाठ असतं.

कंपनीचा साहेब म्हणतो, आमच्या कारखान्यातून सांडपाण्याचा थेंबही बाहेर जात नाही. त्याला ते झेडएलडी म्हणतात. गड्यांनो, ही थाप नाही. असं करता येतं. पण कसं ते कळल्याशिवाय भांडता येत नाही, म्हणून ऐका.

रसायनाच्या कारखान्यात दोन तऱ्हेचं पाणी निघतं. एक साधं, धुण्यापुसण्याचं. दुसरं जहाल, क्षारांनी भरलेलं. दोन्ही वेगळी ठेवायची, ही पहिली अक्कल. साध्या पाण्यातलं आम्ल चुन्यानं मारतात, मग हवेच्या टाकीत जंतू सोडतात. जंतू घाण खातात, तीही फुकट, ओव्हरटाइम न मागता. मग ते पाणी पडद्यातून दाबून गाळतात. जहाल पाण्यात जंतू मरतात, म्हणून ते आटवावं लागतं. एकापुढं एक भांडी असतात. पहिल्याची वाफ दुसऱ्याला तापवते, दुसऱ्याची तिसऱ्याला. वाफेचं थंड झालेलं पाणी कूलिंग टॉवरला परत जातं. शेवटी तळाला उरतं ते मीठ. जेवणातलं नव्हे, विषारी.

आता बघा, वाफेला कोळसा लागतो, कोळशाला पैसा. आटवायचं यंत्र चालवण्यापेक्षा बंद ठेवणं स्वस्त. मोह तिथंच आहे. कुरकुंभ, पांढरेवाडीकडच्या विहिरींबद्दल गावकरी वर्षानुवर्षं ओरडताहेत. ते पाणी कुणी नासवलं, हे मी इथं उभा राहून सांगणार नाही. कसं शोधायचं ते सांगतो.

आमच्या गोदीत टॅली असते. किती उतरलं, किती गेलं. तोच हिशेब इथं लावा. समजा, दिवसाला एक लाख लिटर जहाल पाणी निघतं आणि लिटरमध्ये पन्नास ग्रॅम क्षार आहेत. म्हणजे रोज पाच टन मीठ गेटबाहेर पडलं पाहिजे. ओलं असेल तर वजन जास्तच भरेल. आता हे मीठ वाटेल तिथं टाकता येत नाही. घातक कचरा पुरायची-जाळायची सामायिक जागा शिरूर तालुक्यात, रांजणगावच्या एमआयडीसीत आहे. 2016 च्या नियमांप्रमाणे असल्या ट्रकबरोबर मॅनिफेस्टचा कागद जातो. रोज दोनच टन कागदावर असेल, तर उरलेले तीन टन कुठं गेले? पाणी रात्री ओढ्याला सोडता येतं. मिठाचा हिशेब मात्र जुळवावा लागतो.

आणि ती टाकी साफ कोण करतं? माझा एक मामेभाऊ ठेकेदाराकडं होता. एका कारखान्याच्या टाकीत गाळ काढायला उतरला, नाकाला फडकं बांधून. वर आला तो महिनाभर खोकत होता. त्याच्या हजेरीचा कागदच नव्हता. कंपनीच्या अहवालात पाण्याच्या थेंबाथेंबाचा आकडा, माझा भाऊ कुठल्याच रकान्यात नाही.

अहवालाचं म्हणाल, तर 2022-23 पासून शेअर बाजारातल्या सगळ्यात मोठ्या हजार कंपन्यांना पाणी आणि कचऱ्याचे आकडे छापावे लागतात. जरूर वाचा. पण दोन ठिकाणी फसू नका. एक, बहुतेक बेरीज साऱ्या कारखान्यांची मिळून असते. कुरकुंभचा आकडा त्यात बुडतो. दुसरं, रुपयाच्या उलाढालीमागं किती पाणी, असं मांडतात. मालाचा भाव वाढला की आकडा आपोआप घटतो. नळ तेवढाच चालू, साला!

साखरेचं थोडक्यात. पाटसला भीमा, न्हावऱ्याला घोडगंगा उभे राहिले. उसात सत्तर टक्के पाणीच असतं, टनामागं सातशे लिटर. तेच वापरलं तर कारखान्याला नदीचं पाणी फारसं लागूच नये.

आणि पुणे? मुंढव्याच्या जॅकवेलमधून शहराचं शुद्ध केलेलं सांडपाणी बेबी कालव्यानं दौंड-इंदापूरच्या शेताला द्यायचं, वर्षाला साडेसहा टीएमसी, असं ठरलं. शहराला धरणाचं, दौंडला शहराचं. उतरंड ओळखीची वाटते ना? 1 जानेवारी 1818 ला शिरूरहून निघालेले शिपाई भीमा उशाला असून कोरेगावात दिवसभर तहानेनं तळमळले होते.

असो. प्रत्येक कारखान्यानं वर्षाला पर्यावरण विवरण, फॉर्म पाच, 30 सप्टेंबरच्या आत प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायचं असतं. पाणी किती घेतलं, घातक कचरा किती निघाला, सगळं त्यात. माहितीच्या अधिकारात ते मागता येतं, मॅनिफेस्टसकट. फी दहा रुपये. अर्ज मी मराठीत लिहून आणलाय. नावाची जागा कोरी ठेवलीय. कुणाचं टाकू?