हातांची कातडी आणि छातीतला दम

नागपुरात थंडी फार दिवस टिकत नाही. पण पौषातली असते ती बोचरी. नंदनवनातल्या एखाद्या घरी पहाटे नळ येतो आणि घरची बाई गार पाण्यात हात घालते. हात गारठायचेच. पण काहींची बोटे आधी पांढरीफटक पडतात, मग निळसर होतात, आणि ऊब मिळाली की लाल होऊन ठणकतात. मॉरिस रेनो या फ्रेंच डॉक्टराने १८६२ साली या प्रकाराचे वर्णन केले, म्हणून त्याला रेनोचेच नाव मिळाले.

पुष्कळ जणींचे एवढ्यावरच भागते. थोड्यांच्या बाबतीत मात्र ही एका मोठ्या दुखण्याची पहिली खूण असते. त्याचे नाव सिस्टेमिक स्क्लेरोसिस, म्हणजेच स्क्लेरोडर्मा. ग्रीक भाषेत ‘स्क्लेरोस’ म्हणजे कठीण आणि ‘डर्मा’ म्हणजे कातडी. मी भाषेचा मास्तर, वैद्यकाचा नव्हे. तरी एवढे समजते, की रोगाचे अर्धे वर्णन त्याच्या नावातच आहे. जंतूंशी लढायची ती शरीराची शक्ती आपल्याच शरीरावर उलटते. बोटे सुजतात, कातडी ताठ होऊन चिमटीत धरता येत नाही, मूठ वळत नाही, तोंड पुरते उघडत नाही. दुखणे विरळ आहे; पण पुरुषांपेक्षा स्त्रियांना कितीतरी अधिक होते, आणि तेही बहुधा तिशी-पन्नाशीच्या दरम्यान, ऐन संसारात. ते एकाचे दुसऱ्याला लागत नाही. तेव्हा अशा बाईचे ताट वेगळे ठेवण्याचे काही कारण नाही.

आता उरलेले अर्धे वर्णन ऐका. आपल्या फुप्फुसांत हवेच्या कोट्यवधी इवल्या पिशव्या असतात. त्यांच्या अतिशय पातळ भिंतींतून प्राणवायू रक्तात जातो. या रोगात त्या भिंतींना दाह होतो आणि पुढे तेथे वण धरतो. लोहाराच्या भात्याचे चामडे कडक झाले, तर भाता फुगेल कसा? तसेच हे. डॉक्टर याला इंटरस्टिशियल लंग डिसीज म्हणतात. पूर्वी या रुग्णांचा घात मुख्यतः मूत्रपिंडाच्या विकाराने होई. १९८० नंतर त्यावर औषधे मिळाली. आज सर्वांत मोठा धोका फुप्फुसांचा आहे.

सुरुवात साधीच असते: कोरडा खोकला, जिना चढताना धाप. घरचे म्हणतात, अशक्तपणा असेल, वय झाले असेल. पुढे क्षयाची शंका येते, आणि आपल्याकडे ती यावी हे योग्यच आहे. थुंकी जरूर तपासावी. पण थुंकीत जंतू सापडत नाहीत आणि औषधे घेऊनही दम वाढतच चालला, असे झाले तर डॉक्टरांना आपले हात दाखवा आणि थंडीत बोटे पांढरी पडतात हेही आवर्जून सांगा.

मग डॉक्टर पाठीच्या खालच्या भागाला नळी लावून ऐकतात. दप्तराची चिकटपट्टी उघडताना होतो तसा चरचर आवाज तेथे येतो. साध्या एक्स-रेत सुरुवातीचा बिघाड सुटू शकतो. म्हणून छातीचा सीटी स्कॅन आणि जोराने फुंकण्याची तपासणी करतात. स्क्लेरोडर्मा ठरला की दम लागत नसला तरी या तपासण्या करून घ्याव्यात. त्यासाठी मेडिकल, मेयो किंवा मिहानमधील एम्स अशा मोठ्या रुग्णालयाची वाट धरावी.

औषध आहे काय? आहे. सायक्लोफॉस्फामाइडचा उपयोग २००६ साली दिसला. २०१६ साली मायकोफेनोलेट तितकेच गुणकारी आणि सोसायला सोपे ठरले. २०१९ साली निंटेडानिबने ऱ्हासाचा वेग कमी होतो असे दिसले. परंतु एकदा पडलेला वण कोणतेही औषध पुसत नाही. जेवढे फुप्फुस शाबूत आहे, तेवढेच राखायचे असते. म्हणून दिवस दवडू नयेत. आणि दम लागतो म्हणून दुकानातून परस्पर स्टेरॉइडच्या गोळ्या आणू नयेत. या रोगात त्यांची मोठी मात्रा मूत्रपिंडावर बेतू शकते.

पुरुषांनीही निश्चिंत राहू नये. १९१४ साली ब्रॅमवेल यांनी एडिनबरोच्या पाथरवटांत आणि १९५७ साली इरॅस्मस यांनी दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणकामगारांत हा रोग पाहिला. दगडाच्या सिलिकायुक्त धुळीशी त्याचे नाते आहे. आपल्या विदर्भात गिट्टीच्या खाणी आहेत, क्रशर आहेत. तेथे दगड ओला करून फोडावा, नाकातोंडाला चांगला मास्क बांधावा, बिडी सोडावी.

घरी करण्याजोगेही पुष्कळ आहे. हात उबदार ठेवावेत आणि धुण्याला कोमट पाणी घ्यावे. या रोगात आंबट पाणी घशाशी येते. म्हणून रात्रीचे जेवण लवकर उरकावे आणि पलंगाची उशाकडची बाजू थोडी उंच करावी. रक्तदाब वरचेवर मोजून घ्यावा.

गुरुजींना आणि बाईंना एवढीच विनंती: गावात कोणाची बोटे थंडीत पांढरी पडतात आणि चालताना धाप लागते असे दिसले, तर ही माहिती त्या घरी पोचवा आणि पहिल्या तपासणीला सोबत जा.