बाहुल्यांचे नवे खेळ आणि अनुदानाचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथे ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी या कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. संस्थानी काळात त्यांना सावंतवाडी दरबाराचा आश्रय होता. २०२१ साली तेथील परशुराम गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु पद्म सन्मानासोबत रोख रक्कम नसते. दरबार गेला, सन्मान आला. नव्या खेळाचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

या खर्चात लाकूड, रंग, वस्त्रे, संहिता आणि संगीत यांचा हिशेब सहज मांडता येतो. निसटतो तो तालमीचा दिवस. मजुरीवर जगणारा कलावंत तालमीला बसला की त्याचा रोज बुडतो. बॉमोल आणि बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली दाखवून दिले की, यंत्रामुळे कारखान्यातील दरमाणशी उत्पादन वाढते. रंगमंचावरील प्रयोगाला मात्र पूर्वीइतकीच माणसे आणि तितकाच वेळ लागतो. त्यामुळे सर्वत्र मजुरी वाढते तसतसा कलेचा तुलनात्मक खर्च वाढत जातो व केवळ तिकिटविक्रीतून तो निघणे दुरापास्त होते.

अमेरिकेत जिम हेन्सन यांनी १९८२ साली स्थापलेले प्रतिष्ठान नव्या बाहुलीनाट्यांना अनुदान देते. खेळ अद्याप घडत असतानाच्या टप्प्यासाठीही देते. ही दृष्टी घेण्याजोगी आहे. मात्र खाजगी औदार्यावर विसंबणे आपल्याला मान्य होणार नाही. ही जबाबदारी सार्वजनिक निधीची आहे.

गावाला पाणी नसताना बाहुल्यांना पैसा कशाला, असे आपल्यापैकीच काहीजण विचारतील. पाण्याचा लढा लढलाच पाहिजे. परंतु कष्टकऱ्याच्या वाट्याला केवळ पोटापुरते यावे आणि कला मात्र सुखवस्तूंनी भोगावी, ही वाटणी समाजवाद्याने कशी स्वीकारावी?

म्हणून आपल्या मागण्या तीन असाव्यात. अर्जात तालमीची मजुरी हा स्वतंत्र खर्च मानावा. पहिला हप्ता काम सुरू होण्यापूर्वी मिळावा. कारण आधी खर्च करून मागाहून वसूल करणे गरिबाला शक्य नसते. आणि आख्यान रामायणाचे असावे की रोजगार हमीचे, हे कलावंतानेच ठरवावे.

आपले काम त्याहून साधे आहे. संस्थेची नोंदणी, अंदाजपत्रक आणि हिशेबतपासणी यांत कलावंतांच्या शेजारी बसावे. अर्जावर सही मात्र त्यांचीच असावी.